लाळोबाचं तोंड

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! मी, ढमी, तीन पेट्या आणि ढमीने हट्टाने मांडीवर घेतलेली कुंडी. कुंडीतल्या रोपाने अर्ध्या वाटेतच मान टाकली. जागा म्हणजे चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात चामड्याचा वास येतो, पण खिडक्या उत्तरेकडे आहेत. चित्रकाराला आणखी काय हवं! आतली खोली माझी, बाहेरची आईची, अशी वाटणी सात वर्षांच्या ढमीने येताक्षणीच जाहीर करून टाकली. तिचे बाबा सहा महिन्यांनी बोटीवरून येतील तेव्हा बहुतेक जिन्यात झोपतील.

नोकरीचं ऐकून माझ्या आईने फोनवर मोठा उसासा टाकला. इतकी वर्षं फुलं काढलीस, आता राक्षस काढणार का, म्हणाली. मी म्हटलं, अगं, वीस वर्षांत माझं फूल बघून कुणी साधं दचकलंसुद्धा नाही.

चाळीस राक्षसांचं मोठं सचित्र पुस्तक होणार आहे. अडतीस झालेत, शेवटचे दोन माझे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चित्रशाळा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. माणसं दोनच. एक मास्तर, ज्यांचं हे पुस्तक. धिप्पाड गृहस्थ, बोलणं मात्र लोण्यासारखं मऊ. चहा पितानाही हातमोजे काढत नाहीत. दुसऱ्या मावशी, दिवसभर दगडी पाट्यावर रंग घोटतात. त्यांच्या डोक्याचा रुमाल कानांवरून घट्ट बांधलेला असतो.

राक्षस डोक्यातून काढायचा नाही, हा इथला पहिला धडा. सकाळी मास्तर लांब टेबलावर पांढरी ताटं मांडतात. एकात माशाचे कल्ले, एकात कोंबडीची सोललेली कातडी, एकात शेंबूड सोडणाऱ्या गोगलगाई, आणि एकात आठवडाभर पाण्यात कुजवलेली भेंडी. आधी हात घालायचा, मग वास घ्यायचा, मग पेन्सिल उचलायची. मी भेंडीत बोटं घातली आणि मनगटापर्यंत तार आली. मी ओरडून हात झटकला. मास्तर खूश झाले. ही किळस आहे ना, ती ब्रशात उतरू दे, म्हणाले.

काम मात्र फार नेटकं. आधी हाडं, मग त्यावर मांस, मग कातडी. रंग लावताना पहिला हात शेवाळी हिरव्याचा, त्यावर लालाचे पातळ थर. खालचं हिरवं वरच्या लालातून जाणवत राहतं आणि मांस जिवंत दिसतं. सगळ्यात शेवटी ओल चढवायची. तीन केसांच्या ब्रशाने पांढऱ्याचे बारीक ठिपके द्यायचे, की ते अंग ओलं, आत्ताच बाहेर आल्यासारखं दिसतं. ओल चढली की चित्र संपलं. मग त्याला हात लावायचा नाही.

आणखी एक रिवाज आहे. प्रत्येक राक्षसाचा एक भाग चित्रकाराने स्वतःच्या शरीरावरून, समोर धरून किंवा आरशात बघून काढायचा. लहानसा असला तरी चालतो. मावशी म्हणाल्या, सहीच समज. मला हे आवडलंच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खवलोबा पूर्ण! इथे राक्षसांना अशी लाडाची नावं असतात. पाठभर करडे, चिरलेले खवले आणि मधला एक खवला म्हणजे माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. संध्याकाळी ढमीला चित्र दाखवायला नेलं. ती नाक चित्राला टेकवून बघत राहिली आणि म्हणाली, आई, हा श्वास घेतोय. अशी दाद आजवर कुणी दिली नव्हती.

अंगठ्याचं नख पांढरं पडलंय. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा परिणाम असणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पीठ मळताना अंगठ्याचं नख पिठातच राहिलं. दुखलं नाही, रक्तही आलं नाही, ओल्या कागदासारखं सुटून आलं. त्याखाली जे आहे ते नख नाही. करडं, चिरलेलं, कडेला किंचित वर उचललेलं आहे. दाबलं की त्याखालून पू येतो आणि त्याला माशाच्या ताटाचा वास आहे. पीठ फेकलं, परात तीनदा घासली, तरी त्यात पुन्हा पीठ घ्यायला मन होईना.

डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, मलम लावा. लावते आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शेवटचा राक्षस लाळोबा. हाडं नाहीत, डोळे नाहीत, नुसतं तोंड. ओठ नसलेलं, गोल, जळवेसारखं चिकटणारं, आत काट्यांच्या तीन रांगा आणि अखंड लाळ. काटे, हिरड्या सगळं जमलं. मधला गाभा तेवढा माझ्या तोंडावरून काढायचा, असं मास्तरांनी सांगितलं.

आरशासमोर तोंड उघडून बसले आणि उठले. अंगठ्याचं ते प्रकरण झाल्यापासून मला माझं शरीर निरखून बघवत नाही. शिसारी येते.

फोनमध्ये ढमीच्या तोंडाचा फोटो आहे. मागच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांना पाठवायला काढला होता. तोंड आ वासलेलं, पुढचे दोन दात पडलेले, हिरडी गुलाबी, जिभेवर दुधाचा पांढरा थर. कुणाला काय कळणार आहे? माझीच पोर, म्हणजे माझंच तोंड.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ओल चढवली. लाळोबा संपला. काट्यांच्या तीन रांगांच्या आत एक लहान, भाबडं, दात पडलेलं तोंड. बघताना किळस आली, आणि अभिमानही वाटला. मास्तर चित्रावर वाकले. हे तोंड कुणाचं, म्हणून त्यांनी विचारलं. मी माझंच म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग चित्र कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ढमीला लाळ फार सुटतेय. नवे दात येत असतील.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शाळेतून चिठ्ठी आली. ढमी डब्यातलं खात नाही, शेजारच्या मुलीचा हात चोखला, सोडवायला दोन बायका लागल्या. मुलीच्या हातावर गोल लाल चट्टा आहे.

घरी तिला तोंड उघडायला लावलं. नवे दात येताहेत खरे. पुढे नाही. आत टाळूवर गोलात, बारीक, पिवळे, काट्यांसारखे. ओठ आत वळताहेत. वास कुजक्या भेंडीचा. तिने भोळेपणाने विचारलं, खूप किडलेत का गं आई? आणि मी मागे सरले. माझ्या पोटच्या पोरीची मला किळस आली. हे लिहिताना लाज वाटते, पण आली. तिला ते दिसलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी ढमी मोरीत सापडली. जाळी काढून नळीतला बुळबुळीत गाळ चाटत होती. उचलायला गेले तर तोंड माझ्या मनगटाला चिकटलं. ओढून काढलं तेव्हा कातडी आली.

तिला आतल्या खोलीत बसवून मावशींकडे धावले. अंगठा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी पाटा बाजूला सारला आणि डोक्याचा रुमाल सोडला. उजव्या कानाच्या जागी कल्ला आहे. लाल, झालरीचा, उघडतो, मिटतो. मी काढलेला अठरा नंबरचा राक्षस बघ, म्हणाल्या, माझा कान त्याला आहे. एक भाग तिकडे गेला की तिकडचा इकडे येतो. मास्तर हातमोजे का काढत नाहीत, हे कधी विचारलंस का तू?

मी ओरडले, आधी का नाही सांगितलंत! त्या म्हणाल्या, नखाएवढं जातं, झाकून ठेवता येतं, सवय होते. म्हणून तर स्वतःचंच द्यायचा रिवाज आहे. दुसऱ्याचं आजवर कुणी दिलं नव्हतं, तेही लेकराचं. आणि त्या रडायला लागल्या. मला त्यांच्या रडण्याचीसुद्धा किळस आली. कल्ल्यातूनही पाणी गळत होतं.

शनिवार, १ मार्च

मावशींकडून उपाय कळला. चित्र जाळायचं नाही, खरवडायचंही नाही. एका चित्रकाराने राक्षसाला दिलेले आपले ओठ खरवडून काढले, तर त्याच्या चेहऱ्यावर खायला भोकच उरलं नाही.

चित्राला एकच तोंड असतं. चित्रातल्या ढमीच्या तोंडावर दुसरं रंगवून नवी ओल चढवली की तिचं सुटेल. पण आधीची ओल नऊ दिवस कच्ची असते तोवरच. म्हणजे बुधवारपर्यंत. दुसरं तोंड कुणाचं, हे मावशींना विचारावं लागलं नाही.

आईला फोन केला. उद्याच निघ, ढमीला घेऊन जा, कारण विचारू नकोस, म्हटलं. माझा आवाज ऐकून तिने खरंच विचारलं नाही. सोमवारी दुपारी चारला पोचेल. तिच्याशी आणखी बोलायला हवं होतं. आवाज आहे तोवर.

रविवार, २ मार्च

मावशींनी कपाट उघडून दिलं. मास्तर आले, मी काय करतेय ते पाहिलं, आणि अडवलं नाही. उलट खुर्ची ओढून बसले. त्यांचे डोळे चमकत होते. हा माणूस कुठल्याही राक्षसापेक्षा ओंगळ आहे.

लाळोबा कागदावर चघळत होता. ढमीची लहानशी जीभ हलत होती. त्यावर मी शेवाळी हिरवा लावला, तेव्हा ती थांबली.

आरसा. तोंड उघडलं. या वेळी नीट बघितलं. चांदी भरलेली दाढ, डावीकडचा वाकडा सुळा, चहाने पिवळे पडलेले दात. लालाचे थर. मग ओल, एक एक ठिपका, एकावन्न ठिपके. शेवटच्या ठिपक्याला माझी लाळ हनुवटीवरून फळीवर पडली.

घरी पोचेपर्यंत ढमी पाव खात होती. पाव! टाळू गुलाबी, काटे गेलेले. मी तिला पोटाशी धरलं, तोंड दुसरीकडे वळवून.

सोमवार, ३ मार्च, सकाळ

पहाटे सुरू झालं. ढमीसारखं दोन दिवसही थांबलं नाही. माझ्या वेळी घाई आहे.

दात उशीवर पडले. बत्तीसच्या बत्तीस, चांदीसकट. बोलायला गेले, बुडबुडे आले. आरसा भिंतीकडे फिरवला.

आतल्या खोलीत आहे, कडी लावून. ढमी बाहेर. दाराखालून कागद सरकवला. आईला बरं नाही, आजी चारला येईल, तोवर बाहेरच थांब. तिने अक्षर लावून लावून मोठ्याने वाचलं. बरं म्हणाली. शहाणी आहे.

दुपार, दोन

भूक. अशी भूक कधी— कुंडीतली माती चोखली, गांडुळासकट. थू. आवडलं. तेच वाईट, की आवडलं.

मला माझी किळस येते. तोंडाला येत नाही. तोंड माझं ऐकत—

दारापलीकडे ढमीचा वास येतोय. साबण, पाव, घाम. लाळ थांबत नाही, वहीची पानं ओली—

तीन वाजून दहा

तिला एकटीला भीती वाटतेय. आई, बोल ना म्हणते. आवाज काढला. तो तिने ऐकला. मग रडायला लागली.

कागद सरकवला. मी घाण दिसते, तू घाबरशील.

तिचा कागद आला. मला तुझी किळस नाई येत. वेडंवाकडं अक्षर. 'नाही' चुकलंय. मी— तिची आली होती मला. तिने पाहिलं होतं. आणि तरी ती—

तीन चाळीस

वीस मिनिटं. फक्त वीस.

तिने दाराखालून बोटं आत घातलीत. आई, हात धर, मग मी रडणार नाही, म्हणते. चार बोटं. शाईचा डाग. हलताहेत.

तोंड उघडलंय. मी नाही उघडलं.

नको म्हणायचंय. तोंडाने म्हणता येत नाही. लिहून सरकवते, ढमी, बोटं मागे घे. हे पान फाडते. पण सरकवायला खाली वाकावं लागेल, अगदी खाली, तोंड तिच्या बोटां—