फाटकाच्या घरातली सपाट वाट

त्या सकाळी दूध उतरवून मी ओटा पुसत होते. हे दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते. एवढ्यात बाहेरून एक शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, किल्ल्यात वाचायला जायचंय, पण या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मग इथून आतून जा की. फक्त बादली सांभाळा." तेव्हापासून ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशी सगळी माणसं आमच्या स्वयंपाकघरातूनच जातात. हे मृत्युपत्र त्यासाठी.

मी, किल्ल्याच्या दिवंगत पहारेकऱ्याची बायको, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहिते की:

१. किल्ला म्हणतात तो खरा किल्ला नव्हे. एका तेलाच्या व्यापाऱ्याने हौसेने बांधलेली ती हवेली. चार बुरूज, दातेरी तट, बाण मारायच्या फटी. बाण कोणी मारला नाही, फटींतून चिमण्या तेवढ्या आत आल्या. म्हाताऱ्या आईला पायऱ्या चढवेनात, म्हणून त्याने फाटकाला लागून असलेल्या या पहारेकऱ्याच्या घरातून दिवाणखान्यापर्यंत सपाट वाट काढली. पुढे हवेलीत दवाखाना झाला, मग शाळा, आता वाचनालय आहे. व्यापाऱ्याच्या नातीने हे घर आमच्या नावावर करून दिलं. तिचे उपकार मी विसरलेले नाही. वाटेवर चूल मांडली ती आम्ही.

२. हे घर मी वाचनालयाला देते. अट एकच, ही वाट बंद होता कामा नये. पुतण्या म्हणतो, "काकू, हे स्वयंपाकघर आहे की बसस्टँड? हॉटेलवाला घर मागतोय, देऊन टाक आणि आमच्याकडे ये."
"आणि ही माणसं?"
"बसतील घरी."
बाळा, हे गेल्यावर मीही घरीच बसले होते. रोज कोणीतरी "आहात का वहिनी?" म्हणत आत यायचं, म्हणून मी उठले, चहा टाकला. ओट्यावर विसरलेली त्यांची पुस्तकं चाळता चाळता वाचायला शिकले. त्यांचं देणं मी असं फेडते.

३. बँकेतली शिल्लक पुतण्याला. तो तापट आहे, पण ह्यांच्या आजारपणात रात्री तोच जागला.

४. ह्यांची करवत-हातोड्याची हत्यारं सुताराला, तो ती पुसून ठेवील.

५. माझं मोठं पातेलं थोरल्या जाऊबाईंकडे आहे. "उद्या देते" म्हणतात. आता त्यांनाच राहू दे. पण ते माझं होतं, एवढं लिहून ठेवते.

सही: पहारेकऱ्याची बायको
साक्षीदार: डॉक्टरीणबाई; कोपऱ्यावरचे घड्याळजी. दोघांनी मला सही करताना पाहिलं.
ठिकाण: फाटकाचं घर
दिनांक: ३ मार्च, सोमवार

नंतरची नोंद, माझ्याच हातची: मी मरेपर्यंत वाटेने कशाला थांबावं? दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मी ओटा मागच्या खोलीत हलवला, आणि चाकाची खुर्ची सरळ आत जावी म्हणून दोन्ही दारं रुंद करून घेतली.