बाबूजींचं चुकीचं उत्तर

सोम., ९ फेब्रु.
रविवारी महूला आमच्या वस्तीत दिलेल्या भाषणाने घसा बसलाय. बरंच आहे, आठवडाभर बोलायचंच नाही. शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलींचे प्रात्यक्षिकाचे व्हिडिओ बघायचे आणि यादीत खुणा करायच्या. केलं / नाही केलं. मधलं काही नाही, नसावंच. मागे ‘मुलगी गुणी आहे’ म्हणून अर्धी खूण मागणाऱ्यांशी भर बैठकीत भांडले होते. माणसाला अर्धं इंजेक्शन देता येत नाही.

दुसरे परीक्षक सक्सेनाजी. पेशंट म्हणून खाटेवर ठेवलेल्या पुतळ्याचा आवाजही तेच देतात, काचेमागून माइकवर. म्हाताऱ्या माळवी शेतकऱ्याचा आवाज इतका बेमालूम, की अख्खं कॉलेज पुतळ्याला बाबूजी म्हणतं.

मंगळ.
आरती वानखेडे. महूची, आमच्याच वस्तीतली. नोकरीचं पत्र हातात आहे, पास झाली तरच. इंजेक्शनआधी ॲलर्जी विचारायची आणि मनगटावरची पट्टी पाहायची. ही ओळ चुकली की नापास, बाकी सगळं बरोबर असलं तरी. बाबूजींच्या मनगटावर लाल, म्हणजे ॲलर्जीची, पट्टी होती, चादरीखाली. आरतीने चादर उचललीच नाही. ‘नाही केलं.’ पुढचा व्हिडिओ लावला, पण लक्ष लागेना.

बुध.
परत पाहिला. एसीची घरघर, आवाज पूर्ण वाढवून. तिने विचारलं होतं! “बाबूजी, किसी दवाई से तकलीफ़ होती है?”
उत्तर: “म्हारे कंई नी होय, बेटा. तू तो पोहे खिला दे.” मागे मुली हसल्या, तीही हसली. मग सुई.

परीक्षेच्या कागदावर बाबूजींचं ठरलेलं उत्तर ‘हो, पेनिसिलिनने अंगभर चट्टे उठतात’ असं आहे.

सक्सेनाजींना गाठलं.
“अरे मॅडमजी, मज़ाक में निकल गया. पर पट्टी तो देखनी थी ना उसने?”
बरोबर आहे त्यांचं. त्याचाच जास्त राग आला.
आणि त्यांच्या यादीत काय? ‘केलं.’ “आप भी हाँ कर दो, झंझट ख़तम.”
म्हणजे न पाहिलेली पट्टी पाहिली म्हणायची. आणि ही मुलगी उद्या खऱ्या वॉर्डात...

गुरु.
आरती जिन्यात उभी. “मॅडम, बाहेर आल्यावर मुली बोलल्या की पट्टी लाल होती. पण बाबूजी नाही म्हणाले ना? तुम्हीच महूला बोलला होतात, आधी पेशंटचं ऐका.”
बोलले होते. टाळ्याही पडल्या होत्या. वॉर्डात खरा म्हातारा घाबरून, विसरून ‘नाही’ म्हणतो, हे त्या भाषणात नव्हतं.
“पास करा नाही म्हणत. फक्त परत घ्या. एक बार.”
‘बघते’ म्हटलं आणि जिना चढले. घसा आता बरा आहे.

प्राचार्यांना विचारलं. परत घेता येईल, कारण लेखी हवं, दोघांची सही हवी. उद्या बारापर्यंत.

शुक्र., सकाळ
यादीखाली तीन वाक्यं लिहिली. विद्यार्थिनीने पट्टी पाहिली नाही. पुतळ्याने चुकीचं उत्तर दिलं. पुन्हा परीक्षा घ्यावी. सही केली.
सक्सेनाजींनी उभ्याउभ्या वाचलं. “सत्ताईस साल में किसी ने मेरी ग़लती काग़ज़ पे नहीं लिखी.”
म्हटलं, पुतळ्याची लिहिलीय, तुमचं नाव कुठेय?
“पुतला बोलता है क्या, मॅडमजी?” कागद बॅगेत घातला. “देखता हूँ.”

शुक्र., साडेअकरा
सक्सेनाजींनी कागद सही न करताच पाठवला तर? माझी ‘नाही’, त्यांची ‘हो’. प्राचार्य जुन्या माणसाचं ऐकतील. आरती पास होईल आणि चादर न उचलताच नोकरीवर जाईल. मी अडून बसले, तर तिची नोकरीच जाईल.

सक्सेनाजी आत्ताच आले. माझ्याकडे न बघता विचारलं, “वो लड़की आई है?” आली आहे, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, सकाळपासून. मान हलवली, बॅग घेऊन काचेमागच्या, माइकच्या खोलीत गेले. दार लावलं.

आरती बाकावरून उठली. “मॅडम, मला बोलावतील?”
म्हटलं, माहीत नाही. पण बस, जाऊ नकोस.