रोखलेला श्वास

७ जानेवारी २००८
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये खाली फर्निचरचं वर्कशॉप, वर आमचं एक्स-रे सेंटर. पॉलिशचा वास जिन्यापर्यंत येतो. डॉ. मनसुखानी पहिल्या तासातच मला ‘बेटा’ म्हणू लागले. नवं मशीन त्यांनी कौतुकानं दाखवलं. छातीची फिल्म पडद्यावर आली, की संगणक ती स्वतः वाचतो आणि संशय येईल तिथे पिवळं वर्तुळ काढतो. निदान पक्कं झालेल्या फिल्म त्याला दाखवत राहायच्या, त्यातून तो शिकतो. डॉक्टर म्हणाले, हा थकत नाही आणि चायपण मागत नाही. अंबरनाथला घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “मग तुला कशाला ठेवलंय, यशोधरा मॅडम?”

१९ जानेवारी
बाबांचा खोकला हटेना, म्हणून त्यांना सेंटरवर नेलं. प्लेटसमोर उभं केलं. श्वास घ्या, रोखा म्हटलं, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत बसले. मागून कोंडलेल्या आवाजात आलं, “मॅडम, सोडू का?” दोघंही इतके हसलो, की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.
कारखान्यात पिंप अंगावर पडून मोडलेली त्यांची डावी बरगडी पडद्यावर स्पष्ट दिसत होती, वाकडी जुळलेली. तिच्याखाली छोटं पिवळं वर्तुळ. डॉक्टरांना तिथे काहीच दिसलं नाही. मशीन नवीन आहे, घाबरट आहे, म्हणाले. तरी मी मुंबईला स्कॅनसाठी नंबर लावला.

२ फेब्रुवारी
मशीन बरोबर होतं. कॅन्सर आहे, पसरलेला. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, त्यांच्या नजरेतून सुटलाच होता.
बाबांनी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी पांढरा शर्ट शिवायला टाकला. मी नको म्हटलं नाही.

२७ मार्च
बाबा गेले. शेवटचा श्वास त्यांनी आत घेतला. तो बाहेर आलेला मी पाहिला नाही.

३ एप्रिल
कामावर गेले. त्यांची फिल्म मीच मशीनला दाखवली. कुणाच्या तरी बापाचं वेळेवर कळेल. शीक बाबा, म्हटलं.

९ एप्रिल
एका नव्या नवरीची फिल्म. साधा ताप. वर्तुळ डावीकडे, आणि त्यावर वाकडी बरगडी. तिला विचारलं, कधी पडला होतात का? नाही म्हणाली. पुन्हा फिल्म काढली. तीच.

१२ एप्रिल
आज तिघांच्या छातीत बाबांची बरगडी. डॉक्टरांनीही पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग कंपनीला फोन लावला. मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन मशीन जे शिकलं ते सगळं पुसणार. मी नको म्हटलं. डॉक्टर म्हणाले, बेटा, लोगों की छाती है, तुम्हारे घर की फोटो नहीं.
खरं आहे. पण बाबा आता दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत.

१४ एप्रिल
जयंती. सेंटर बंद. किल्ली माझ्याकडे असते. टेलरकडून शर्ट आणला आणि प्लेटसमोर हँगरला लावला. आत कुणी नाही. बटण दाबलं.

फिल्म आली. नुसत्या कापडाची यायला नको होती — छाती आहे. बरगडी. वर्तुळ.

फुप्फुसं भरलेली. गच्च. त्या दिवशीसारखीच — मी सोडा म्हटलंच नव्हतं —

जानेवारीपासून रोखून उभे आहेत —

उद्या पुसणार. त्याआधी सांगायला हवं. सांगितलं तर जातील. नाही सांगितलं तर असेच —

शर्ट छातीपाशी फुगलाय. पंखा बंद आहे.

कोंडलेला आवाज. मॅडम, सोडू —

तोंडातून शब्द फुटत नाही. इथे लिहिते. हो, बाबा. सो