परत पाठवलेली कातडी

अब्बा, घरात आपण दखनीच बोलायचो, पण शिव्या देताना आणि मालाचे दोष काढताना तुम्ही मराठीवर यायचात. म्हणून हेही मराठीतच लिहितो. सांगायचंय ते मालाबद्दलच आहे.

खर्ड्यातलं आपलं गोदाम मला अजून आधी वासानं आठवतं. माझ्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते आणि मेहुणा पहिल्यांदाच घरी आला होता. त्याच्याशी गप्पा छाटण्याच्या नादात बकऱ्यांच्या ओल्या कातड्यांना मीठ चोळायला मी दुपार केली. उन्हाळ्यात तेवढा उशीर पुरतो. तुम्ही आलात, वरचंच कातडं उचललंत, चिमटीत केस धरून ओढलेत आणि ते सगळे हातात आले. कातडं सडायला लागल्याची ती खूण. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. खाटीक उभे, मेहुणा उभा, आणि तुम्ही माझेच केस मुठीत धरून मला त्या ढिगापर्यंत वाकवलंत. "ह्येचं क्यास सुटत न्हाईत," तुम्ही सगळ्यांना दाखवत म्हणालात. "म्हंजी ह्यो अजून सडला न्हाई. पर लई दिस न्हाई लागायचं." सगळे हसले. मेहुणा तर पोट धरून हसला. सासुरवाडीत तो किस्सा अजून सांगतात, मी जेवायला बसलो की हमखास.

पुढं मी नगरला एका मोठ्या व्यापाऱ्याकडे माल पारखायला लागलो. हुन्नर तुमचाच, पगार दुसऱ्याचा. आमच्याकडून कातडी चेन्नईला जायची, तिथं कमावली की इटलीला, बुटांसाठी. बकरी ईदला तुम्ही गावोगावची कातडी गोळा करून टेम्पो घेऊन यायचात. आपलं एकही कातडं आजवर परत आलं नाही, हे तुम्ही भेटेल त्याला ऐकवायचात. मलाही ऐकवायचात, चिमटीनं केस ओढून दाखवत. मला त्या चिमटीची किळस यायची.

तुमच्या शेवटच्या ईदला तुमचा टेम्पो रांगेत तिसरा होता. तुम्ही स्वतः ताडपत्री काढलीत. मी वरचं कातडं उलटून पालटून बघितलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, केस सुटलेत, सगळा माल परत. तुम्ही पुढे आलात. केस चिमटीत धरून ओढलेत. एकही सुटला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग चिमूट झटकलीत, जणू हातात खरंच काही आलं होतं.

"पोरगं बरूबर बोलतंय," तुम्ही मागच्या लोकांना म्हणालात. "सुटल्यात. माझीच चूक हाय."

माझी नोकरी जाऊ नये म्हणून तसं बोललात, की पोटच्या पोराला खोटं पाडायची लाज वाटली, ते विचारायचं राहिलं. खर्ड्यात बातमी तुमच्याआधी पोचली. ती कातडी तुम्ही ओढ्याकाठी स्वतः खड्डा खणून पुरलीत. त्यानंतर खाटकांनी तुम्हाला बोलावणं बंद केलं. म्हाताऱ्याचा हात गेला, म्हणायचे. पुढची ईद तुम्हाला दिसली नाही. तुमचा हात गेला नव्हता, हे माहीत असलेला एकटा माणूस तुमच्या मयतीला खांदा देत होता.

अम्मीला मी सांगितलं की वरून हुकूम होता. हुकूम होता हे खरं. इटलीची मागणी निम्म्यावर आली होती, तिकडच्या बुटांना आता प्लास्टिकचं कातडं चालतं. निम्मा माल परत करा, कारण काहीही सांगा, असा सकाळीच शेठचा फोन आला होता. अम्मीनं ते मानलं आणि शेठला तळतळाट दिले.

पण कुणाचा माल परत करायचा, ते शेठनं माझ्यावर सोडलं होतं. पुढचे दोन टेम्पो बाजूला करायला लावून मी तुमचा आधी घेतला. तो फाटकाबाहेर गेल्यावर मी चहा मागवला, अब्बा. आणि तो मला गोड लागला.