पैलवानाची फरशी

दि. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय मास्तर,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझी शाळा सुरू असेल, नव्या वर्गातली कार्टी तुला पिडत असतील, आणि त्यांच्यावर ओरडायचं सोडून तू फळ्यावर नकाशे काढत बसला असशील. तुझ्या सासूबाईंचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय. गुडघा गप्प असला की त्या कुरकुरतात, त्यामुळे मला फारसा फरक पडत नाही. माझा धंदा आता नावापुरता. फरशी पॉलिश करायचं मशीन बहुतेक वेळ जिन्याखाली झाकून ठेवलेलं असतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन तू उचललाही असतास. पण 'कसा आहेस, बरा आहे, तू कसा आहेस' एवढं झाल्यावर मी ठेवून दिला असता. पलीकडचा माणूस गप्प झाला की मला काही सुचत नाही. कागदाचं तसं नसतं, तो मुळातच गप्प असतो.

पैलवानाबद्दल लिहायचं आहे. आधी चांगलं सांगतो. खाणं उत्तम आहे. भुंकणं पूर्वीसारखंच, म्हणजे पोस्टमन कोपऱ्यावर असतानाच कपाटातल्या बश्या हादरतात. परवा त्याने तुझ्या सासूबाईंच्या हातातला टोस्ट पळवला आणि वर अशा नजरेने पाहिलं की त्यांनीच त्याला दुसरा दिला.

आता पुढचं ऐक. उभा असशील तर बस. त्याचा पुढचा डावा पाय काढावा लागला. खांद्यापासून.

उन्हाळ्यात तो लंगडायला लागला होता. आम्हाला वाटलं, मुरगळला असेल. एवढं धूड घेऊन मांजरांच्या मागे धावल्यावर दुसरं काय होणार! लेकीने रोज शेक दिला. सूज काही उतरेना, मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. हाडाचा कॅन्सर. पाय तसाच राहू दिला तर कळा थांबणार नाहीत आणि हाड कधीही मोडेल, असं त्या म्हणाल्या. सही लेकीने केली. घरी आली आणि ऑफिसची बॅग खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिली. 'त्याला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं,' म्हणाली. त्याला म्हणजे कुत्र्याला की तुला, ते मी विचारलं नाही.

तो दवाखान्यात होता तेव्हा मी एक शहाणपणा केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, टाके ओले आहेत, घर स्वच्छ ठेवा. आता माझ्यासारख्या माणसाला 'स्वच्छ' म्हटलं की काय समजतं ते तुला माहीतच आहे. मी मशीन बाहेर काढलं आणि हॉलच्या फरशीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवा हात मारला. बारीक दगड, मग पावडर, मग सुकं फडकं. खिडकीबाहेरचं झाड फरशीत उलटं दिसायला लागलं, पानं मोजावीत इतकं स्वच्छ. पैलवान घरी येतोय, त्याचं स्वागत झोकात झालं पाहिजे, असं माझं चाललं होतं.

ती फरशी तुला आठवत असेलच. विसरशील कसा? पहिल्यांदा या घरात आलास, उंबरठा ओलांडलास, हात जोडून नमस्कार करायला गेलास आणि सपशेल आडवा झालास. लेक हसून हसून खाली बसली. तुझ्या सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. तूही आडव्याचा उठला नाहीस, तिथूनच म्हणालास, 'फरशी फारच छान आहे हो.' तेव्हाच मी मनात म्हटलं, हा चालेल. मग लेकीने तुझा हात धरून तुला या घरातलं चालणं शिकवलं. पाऊल आखूड टाकायचं, टाच आणि चवडा एकदम ठेवायचा, वळताना घाई करायची नाही. आम्ही सगळे तसेच चालतो आणि आपण तसं चालतो हे आम्हाला माहीतही नाही. बाजारात लोक मला विचारतात, कंबर धरली का?

पैलवानही तसाच तयार झाला होता. तू त्याला स्वेटरच्या आत घालून दाखवायला आणलंस तेव्हा तो मुठीएवढा होता. खाली ठेवला तर थेट कपाटापर्यंत घसरत गेला, आपटला, आणि पुन्हा तेच करायला उलटा धावत आला. पुढे वासराएवढा झाला तरी आमच्याहून झोकात चालायचा. त्याला चार पाय होते ना.

तीन पायांवर तो घरात आला आणि उंबरठ्यातच कोसळला. छातीवर. उठायला गेला, पुढचा उरलेला पाय बाहेरच्या बाहेर सटकला, हनुवटी आपटली. पुन्हा उठला नाही. लेकीने आणि मी त्याला चादरीच्या झोळीत घालून गादीवर नेलं. टाके दुखत असतील, म्हटलं. पण टाके सुकले, औषधं सुरू झाली, भूक लागली, तरी हा पठ्ठ्या गादीच्या काठावर येऊन बसायचा आणि समोर पाहायचा. पुढे पाऊल टाकायला तयार नाही. फिरायला न्यायचं तर छातीखालून टॉवेलचा पट्टा घालून, उचलून. बाहेर मातीवर तो बरा उभा राहायचा, चार ढांगा टाकायचा. मला वाटायचं, बाहेरच्या हवेने उल्हास वाटतो. घरात आणला की पुन्हा मातीचा गोळा. सतरंज्या टाकल्या, त्या त्याच्यासकट सरकल्या, आणि तो आणखीच भ्याला. मग तुझ्या सासूबाई जेवण गादीवर न्यायला लागल्या, लेक ऑफिसला जाण्याआधी त्याच्यापाशी बसून त्याला समजावायला लागली. मी सगळ्यांना सांगत होतो, याचं मन खचलंय. पैलवान माणूस, एक पाय गेला, अपमान वाटतो त्याला.

डॉक्टरीणबाई फोनवर स्पष्ट बोलल्या. एवढं वजन असलेलं जनावर असं पडून राहिलं तर बाकीचे पाय बारीक होतात, अंगाला फोड येतात. चालत नसेल तर पुढे त्याला ठेवायचं का, याचा विचार करावा लागेल. लेक फोन ठेवून म्हणाली, 'म्हणजे मी त्याचा पाय उगाच कापला.' हे मला ऐकवलं नाही. मी बाईंना पुन्हा फोन लावून म्हटलं, एकदा घरी येऊन बघा, मग काय ते सांगा.

त्या आल्या. दारात बूट काढले, मोज्यांनी आत पाऊल टाकलं आणि भुर्रकन घसरून कपाटाला मिठी मारली. कपाट धरूनच त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे, मग गादीवरच्या पैलवानाकडे. म्हणाल्या, 'अहो काका, इथे माझे दोन धड पाय टिकत नाहीत. त्याचे तीन कसे टिकायचे?'

मास्तर, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं आयुष्य ती म्हण दुसऱ्यांना ऐकवण्यात गेलं. इथे अंगणच वाकडं होतं आणि मी नाचणाऱ्याला नावं ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्मभर लोकांच्या फरश्या घासल्या, आणि माझ्याच पायाखाली काय आहे ते दुसऱ्या कुणी घसरल्यावर मला दिसलं.

तरीही मी म्हटलं, रबरी चटया आणू, भिंतीपासून भिंतीपर्यंत घालू. तुझ्या सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'फरशी काय, उद्या पुन्हा घासाल. तो उद्या पुन्हा येणार आहे का?' लेक उठली. जिन्याखाली गेली आणि मशीनवरचं झाकण काढलं.

खरखरीत दगडावरून गुळगुळीत दगडाकडे जायचं, हा आपला धंदा. उलट मी कधी गेलो नव्हतो. सगळ्यात जाड दगड लावला, पाणी सोडलं आणि दारापासून सुरुवात केली. पहिल्याच फेरीत चमक गेली, मागे राखाडी पट्टा राहिला. तू असतास तर पाणी ओढायला मागे असतास. लग्नाआधी आपण ही फरशी घासली तेव्हा सबंध आठवडा होतास तसा. विजार गुडघ्यापर्यंत, तोंडावर गाळाचे शिंतोडे, आणि मध्येच मशीन थांबवून मला विचारणार, 'बाबा, हा दगड मुळात समुद्राखाली तयार झाला हे माहीत आहे का तुम्हाला?' मला काय करायचंय समुद्राशी! पण आता कुठलीही फरशी घासताना ते आठवतं. या वेळी तुझा वायपर लेकीने घेतला. मागून पाणी ओढत होती, आम्ही दोघं बोलत नव्हतो. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही हे बरं असतं.

खिडकीजवळचा तुकडा मी सोडून पुढे गेलो. तोच, जो तू केला होतास. मशीन पहिल्यांदा हातात घेतलंस आणि हँडल असं आवळून धरलंस की त्यानेच तुला गरागरा फिरवलं. त्याचे वळसे राहिले होते तिथे. ऊन कललं की दिसायचे. मी दुसऱ्याच्या घरात असलं काम पाहिलं असतं तर रात्री झोपलो नसतो. पण त्या तुकड्यावर मी नंतर कधी जाड दगड लावला नाही. वरवर पावडर मारायची आणि पुढे जायचं. कुणी विचारलं तर म्हणायचो, उजेडामुळे तसं दिसतं.

लेकीने भिंतीवरचं बटण बंद केलं. म्हणाली, 'बाबा, तो झोपतो तिथेच.'

'माहीत आहे.'

'मग?'

'ते मास्तरचं आहे,' मी म्हणालो.

तिने वायपर भिंतीला टेकवून ठेवला. तुझं नाव या घरात कुणी काढत नाही, तशी काही बंदी नाही, पण काढत नाही. मग म्हणाली, 'मास्तर इथे असता ना बाबा, तर त्याने सगळ्यात आधी तिथेच मशीन लावलं असतं.' आणि बटण पुन्हा चालू केलं.

तुझे वळसे गेले. तुला कळवायला हवं होतं, म्हणून कळवतो. मला वाईट वाटलं, आणि ते काही थोडंथोडकं नव्हतं.

फरशी वाळली. दिसायला आता गोदामाची फरशी दिसते. पैलवान नेहमीसारखा गादीच्या काठाशी आला, पंजा खाली ठेवला, झटक्यात मागे घेतला. वास घेतला. परत ठेवला, दाबून पाहिला. मग सगळं अंग पुढे टाकून एक उडी, मग दुसरी, आणि मान खालीवर करत, धप धप करत थेट खिडकीशी. तिथे जाऊन आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. तुझ्या सासूबाई रडायलाच लागल्या. मी गाळ पुसायच्या निमित्ताने खाली वाकलो. लेक त्याच्याजवळ जाऊन बसली आणि जिथे पाय होता तिथे, टाक्यांच्या व्रणावर, गाल टेकवून राहिली. आता तो सगळ्या घरात फिरतो. वळताना कधी तोल जातो, मग दिवाणाला असा टेकतो, जणू मुद्दामच टेकलाय. भांडं आम्ही उंच स्टुलावर ठेवतो म्हणजे त्याला वाकावं लागत नाही. आम्ही मात्र अजून आखूड पावलंच टाकतो. सवय जात नाही.

इथेच थांब, असं लेकीने बजावलं होतं. 'तो चालतोय एवढंच लिहा,' म्हणाली. पण अर्धवट काम टाकून मला जाता येत नाही, म्हणून पुढचंही लिहितो. गेल्या आठवड्यात छातीचा फोटो काढला. फुप्फुसात डाग आहेत. लहान आहेत, पण आहेत. औषध चालू राहील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तो मजेत आहे, दुखत नाही, दिवस चांगले जातील. किती, ते विचारू नका म्हणाल्या. मी विचारलं नाही. आम्ही पैलवानाला काही सांगितलेलं नाही, आणि तो विचारण्याच्या मनःस्थितीतही नाही, कारण समोर अंडं आहे.

लेकीला म्हटलं, मी मास्तरला हेही लिहिणार. ती म्हणाली, 'नको बाबा. त्याला वाटेल आपण बोलावतोय.'

मी म्हणालो, 'बोलावतोयच.'

ती आत गेली. मला वाटलं, रागावली. बाहेर आली ती पाकीट घेऊन. त्यावर तुझा पत्ता लिहिलेला होता, नव्या घराचा, पिनकोडसकट. तो मला ठाऊक नव्हता. तिला कसा ठाऊक, ते तूच तिला विचार.

तुमचं का बिनसलं हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही. तू आलास म्हणून इथे कुणी काही जुळवायला बसणार नाही, एवढी हमी मी तुझ्या सासूबाईंच्या वतीनेही देतो. त्यांच्या तोंडावर मी लक्ष ठेवीन. एका खोलीत एवढं कुत्रं ठेवता येत नव्हतं म्हणून तू त्याला सोडून गेलास, आणि जाताना त्याच्याकडे मागे वळून बघितलं नाहीस, ते मी पाहिलं होतं. तुला बघवलं नसतं. मला तेव्हाच कळलं होतं.

काडीमोड तुम्हा दोघांचा झाला. कागदावर सह्या तुमच्या दोघांच्याच आहेत. पैलवानाने कुठे पंजा उमटवलेला नाही, आणि मीही नाही.

ये रे. तो चालतोय तोवर ये.

कोर्टाने मला काहीच विचारलं नव्हतं, म्हणून अजूनही

तुझा सासरा