अर्ध्या ग्राफवरची नक्षी

अप्पा, कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो स्क्रीनसेव्हर आजही लावला. काळ्या पडद्यावर एक रेघ निघते, वळते, रंग बदलते, तिची फुलं होतात आणि होता होताच मोडतात. दोन महिने झाले, रोज दुपारी डबा घेऊन मी समोर बसते. तुमची अर्धी राहिलेली नक्षी पुन्हा कधीतरी उमटेल म्हणून. उमटत नाही. तो दरवेळी नवंच काढतो, तुमच्यासारखाच हट्टी.

तो कॉम्प्युटर मीच आणला होता, चादरींची डिझाइनं करायला. कोर्स संपवून पहिलं डिझाइन घेऊन धावत कारखान्यात आले, तर तुम्ही पडद्यासमोर स्टूल ओढून बसलेले. मांडीवर ग्राफचा कागद, पेन्सिलीनं एकेक चौकोन भरताय. जन्मभर चादरींची नक्षी काढलेला माणूस पळत्या रंगांच्या मागे लागलाय! मी माउसला हात लावला आणि सगळं गेलं. "आगं, हात कशाला लावलीस? अर्दंच झालं हुतं की माजं!" सगळ्या कामगारांसमोर ओरडलात. माझं डिझाइन तुम्ही पाहिलंच नाही. रागानं मीही पुन्हा दाखवलं नाही, आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात.

परवा कपाट आवरताना तो कागद पुन्हा नीट उलगडला. आपल्याकडे नक्षी अर्धीच काढतात, उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटवून घेतात. पण कडेला तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'उलटवू नये'. मागांवरच्या मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "उलटवा की ताई, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" मी म्हटलं, "मला कळतंय."

म्हणून आजपासून वाट पाहणं बंद. उरलेली अर्धी मी काढणार. कॉम्प्युटरवर नाही, तुमच्याच ग्राफवर, तुमचा शेवटचा चौकोन संपतो तिथून. आज सकाळी अकरा ओळी भरल्या, चार खोडल्या. बोटं दुखतात. चादर बिघडली तर उसवीन, पुन्हा विणीन, पण मागावर चढवल्याशिवाय राहायची नाही.

हे पत्र त्याच कागदाच्या घडीत ठेवतेय. माउसला माझा हात चुकून लागला, असंच तुम्ही शेवटपर्यंत समजलात. अप्पा, मी दारात उभी राहून तुमचा कागद आधी पाहिला होता. किती रंगात आला होतात, तेही पाहिलं होतं. आणि मग माउस हलवला.