वाटी बुडायच्या आत

२२ एप्रिल १९४५, गोरेगाव

आज आबांना पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर — "डाव संपला की बोलू."

हैदराबादच्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मला बी. टी.ला जागा मिळाली आहे! होकार जूनअखेर कळवायचा. आबांनी कॉलेजचं पत्र उलटंसुलटं बघितलं, बुद्धिबळाचा पट डगमगू नये म्हणून त्याची घडी करून पटाखाली सारली, उंट उचलला, आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. समोर खाजाचाचा. खाजा मिया म्हणजे आबांचे लंगोटीयार, कापडाचे व्यापारी. दुकान बायकोवर, खतीजाबीवर, सोपवून रोज आमच्या ओसरीवर.

हा डाव गेल्या पोळ्याला मांडला. पोळ्याला! मधे दिवाळी झाली, ज्वारी निघाली, म्हैस व्याली. आई पटाच्या कडेकडेने सारवते.

डोंगरकड्याचे उत्तमरावही हेच उत्तर ऐकून दोनदा परत गेले. त्यांना त्यांच्या धाकट्यासाठी मी पाहिजे. म्हणजे माझ्या जन्माचे दोन्ही प्रश्न एकाच पटावर अडकले आहेत — आणि पटावर कोणी हलत नाही.

२४ एप्रिल

डाव का संपत नाही ते आज कळलं. आबा केव्हाचे जिंकले आहेत! हत्ती एक घर सरकवला की मात. पण ते सरकवत नाहीत. त्यांना प्याद्याने मात करायची आहे.

"हत्तीनं काय, कोणीबी मारतं," आबा म्हणाले. "प्याद्यानं मारलं तर लोक नाव काढतात."

"आन् मी प्याद्याला घावून न्हाई राहिलो," खाजाचाचा म्हणाले. दोघेही खूश!

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. आणि माझं भवितव्य एका प्याद्याच्या सवडीवर.

२७ एप्रिल

सुचलं! नागपूरला कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं — परदेशात झटपट बुद्धिबळाचे सामने होतात. थोड्या थोड्या वेळाने घंटा. घंटेच्या आत खेळी केली नाही की हरला. आपण का नाही करायचे? गोरेगाव, साखरा, डोंगरकडा, शिवाय तांडे. एकाच मांडवात सगळे, जातपात बाजूला. केवढे शहाणे पुरुष या भागात दिवस दिवस एका घोड्याकडे बघत बसतात! समाज पुढे न्यायचा तर खेळी वेळेत झाली पाहिजे.

आणि ओसरीवरचा डाव 'मानाचा डाव' म्हणून तिथेच, त्याच नियमाने. हेतू थोर आहे. त्यात माझाही थोडा आहे, हे या पानाला सांगायला हरकत नाही.

३० एप्रिल

घड्याळ गावात एकच, पाटलांचं, आणि ते बंद. जोशीबुवांकडे मात्र घटिकापात्राची जादा वाटी होती. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर सोडतात ती. तळाला बारीक भोक, वाटी बुडाली की घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, भरली. पण एका खेळीला घटकाभर? तसं तर आबा आत्ताच खेळतात! अल्लाबक्ष कल्हईवाल्याकडून भोक मोठं करून आणलं. आता सोडली की गटकन जाते.

अल्लाबक्ष म्हणाला, "बाई, इतक्या घाईत लगीन लावलं तर नवरदेव घोड्यावरच राहील."

सांगितलं, लग्न नाही, बुद्धिबळ आहे. त्याने नुसती मान हलवली.

४ मे

खाजाचाचांना सगळं खरं सांगितलं. हैदराबाद, जून, सगळं. त्यांनी मिशी ओढली.

"म्हंजे मी हारायचं? तुज्यासाठी?"

"नाही चाचा. फक्त वेळेत खेळायचं."

"वेळेत खेळतो. झूठमूठ हारणार न्हाई. तुझा बाप बी ओळखंल, मंग जन्मभर बोलणार न्हाई माझ्याशी."

आबांनाही विचारलं. ते नाही म्हणणार होते, तेवढ्यात चाचा म्हणाले, "डरला का काय तातेराव?" झालं!

८ मे

कचेरीत अर्ज दिला. हैदराबाद संस्थानात माणसं जमवायची तर परवानगी लागते. कारकुनाने अर्ज तीनदा वाचला.

"शतरंजचा जल्सा? किसके खिलाफ?"

कोणाच्याच खिलाफ नाही, म्हटलं. एकमेकांच्या.

"भाषणं?"

नाहीत.

"झेंडे?"

नाहीत.

"मंग माणसं काहून येऊन राहिली?"

शेवटी तोच वैतागला. "बाई, जल्शाला वर लिहावं लागतं, महिना जाईल. लग्नाला मनाई न्हाई. मांडव हाय? घटिका हाय? जेवण हाय? मंग लगीनच लिहितो." आणि लिहिलं!

मी विरोध करायला हवा होता. सत्य ते सत्य. पण महिना जाईल म्हणाला ना.

१३ मे

अरे देवा! कचेरीचा कागद आला, त्यावरून कोतवालाने साखऱ्यापर्यंत दवंडी दिली. तातेरावांच्या घरी वीस तारखेला लग्न!

आई पाण्याला गेली तर बायकांनी घेरलं — "पोरीचं ठरलं आन् आमाला सांगितलं न्हाई, पार्वतीबाई?" आईने घरी येऊन घागर दणकन ठेवली. मग म्हणाली, "खरंच न्हाई ना?"

मी कोतवालाकडून दुसरी दवंडी देववली — लग्न नाही, बुद्धिबळ. लोकांना वाटलं, लग्नात बुद्धिबळही आहे.

२० मे

हात दुखतो आहे, तरी लिहिणार.

सकाळपासून बैलगाड्या. खेळायला आलेले थोडे, अक्षता टाकायला आलेलं अख्खं रान. साखऱ्याच्या बायका खण-नारळ घेऊन. एकीने मला हळदही लावली! आईने चुलीवर पिठल्याचं मोठं पातेलं चढवलं. उत्तमराव तावातावाने मांडवात शिरले — "आमाला झुलवत ठेवून दुसरीकडं देऊन राहिले का?" त्यांना धरून पटापुढे बसवलं आणि समजावता समजावता वाटी सोडली. बोलण्याच्या भरात खेळी राहिली. वाटी बुडाली. हरले! पहिलाच डाव.

"हे काय जितणं झालं? मी तर अजून नीट बसलो बी न्हाई!"

बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, असा नियम मी मोठ्याने वाचून दाखवला. मागून कोणीतरी — "बोलायचं न्हाई तर यायचं काहून?" पुढे एकेका खेळीला चाळीस जण सल्ला देत होते आणि त्यातले निम्मे समोरच्याच्या बाजूचे.

पण मुख्य घोळ वेगळाच. वाटी बुडाली की मी थाळी वाजवायची, असं ठरलेलं. पहिली थाळी वाजवली मात्र — सगळ्या मांडवाने अक्षता टाकल्या! अक्षतांची तांबडी ज्वारी पटांवर सडासड. वाजंत्री आपण होऊन आलेले, त्यांनी सनई धरली. घटिका, थाळी, अक्षता... लोकांचे हात आपोआप उठतात, काय करणार! हात जोडले, ओरडले. दुसऱ्या थाळीलाही तेच. चौथ्या थाळीपर्यंत कोंबड्या आल्या.

ह्या सगळ्यात एकटा थावरा जिंकत राहिला. तांड्यावरचा, बैल विकायला आलेला. तो विचारच करत नाही. वाटी पाण्याला टेकायच्या आत त्याची खेळी झालेली. हरलेले म्हणायचे, "अरे बघ तरी!" तो म्हणाला, "बघितलं तर उशीर होतो." बक्षिसाची तांब्याची कळशी त्याने जिंकली.

मग ओसरीवर मानाचा डाव. सगळे ओसरीभोवती. मी घंगाळ पटाशेजारी ओढलं.

खेळी खाजाचाचांची. वाटी सोडली. चाचांनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि आपला राजा उचलून सरळ आबांच्या प्याद्याच्या दोन घरं पुढे, एक घर बाजूला नेऊन ठेवला. आठ महिने जो घावला नाही तो स्वतःहून चालत आला! मलासुद्धा दिसलं. आता प्यादं एक घर पुढे — मात.

मांडव ओरडला, "प्यादं! प्यादं!"

मी पुन्हा वाटी सोडली. आबांचा हात प्याद्यावर गेला. थांबला. त्यांनी चाचांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पट उधळतात. वाटीत पाणी चढत होतं. आबा नियमाने हरले असते, डाव त्याही रीतीने संपला असता, पण मला एकदम ते नको झालं. मी ओरडले, "आबा, खेळा ना!"

त्यांनी हत्ती उचलला. आठ महिने ज्याला हात लावला नाही तो हत्ती. सरकवला. "मात."

"काहून रे!" चाचा उठलेच. "प्याद्याची मात देऊन राहिलो होतो ना मी!"

"मला भीक नको तुझी," आबा म्हणाले.

तेवढ्यात वाटी बुडाली आणि कोणीतरी — मी नाही! — थाळी वाजवली. पसापसा ज्वारी. कोंबड्या ओसरीवर. चाचांचा राजा एका कोंबडीने पायरीखाली नेला. पट साफ. उत्तमराव लगेच पुढे आले — "मात कोणी बघितली? पट राहिला न्हाई. डाव संपला न्हाई! नव्यानं मांडा!" सगळे म्हणाले, बराबर, मांडा, पुन्हा मांडा. मला रडू येत होतं. आबांना आयती सुटका होती.

आबांनी पट उचलला, ज्वारी झटकली. खालची पत्राची घडी काढली, तिच्यावरचं शेण नखाने खरवडलं आणि माझ्या हातात दिली.

"मात झाली," ते म्हणाले. "डाव संपला."

२१ मे

दोघे बोलत नाहीत. चाचा आलेच नाहीत. खतीजाबी निरोप देऊन गेली, "दुकानात बसून गिऱ्हाइकांवर खेकसून राहिले." आबा ओसरीवर रिकाम्या जागेकडे बघत बसतात. आई आज मधोमध सारवू शकली.

हैदराबादला होकार पाठवला. आनंद व्हायला हवा. झाला आहे. पण ओसरी!

२३ मे

चाचा आले. बसले. म्हणाले, "प्यादं सोडून हत्तीनं मारणारा तू एकलाच." आबा म्हणाले, "मांड." मांडला. पहिली खेळी अजून व्हायची आहे.

२ जुलै, हैदराबाद

काल हिंगोलीच्या फलाटावर गाडी हलताना आबांनी खिडकीतून फडक्यात बांधलेला माळ्यावरचा जुना पट आणि सोंगट्या दिल्या. म्हणाले, "राजापुढचं प्यादं एक घर. तुझी खेळी टपालानं कळव." मी विचारलं, उत्तमराव? "कळवलं त्यांना. पोरीचा डाव चालू हाय. संपला की बोलू."

पट खिडकीत मांडला आहे. विचार करते आहे. घाई काय?